वाळूचा जमाखर्च : किनाऱ्यावरचा गाळ आणि संगणकाचे गणित



जून २००० मध्ये, पावसाळा तोंडावर आलेला असताना, गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यासमोर ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचे जहाज वाळूत रुतले. लांबी सुमारे २४० मीटर. ते हलवायचे बेत झाले, निविदा निघाल्या, वाद झाले आणि जहाज बारा वर्षे जागचे हलले नाही. २०१२ मध्ये ते तोडून नेले गेले. पर्यटकांच्या आठवणीत ते एक गंजके धूड म्हणून राहिले. किनारा अभियांत्रिकीच्या दृष्टीने मात्र कुणीही न आखलेला तो एक मोठा प्रयोग होता. लाटांच्या वाटेत अचानक एक भिंत उभी राहिली. तिच्या आडोशाला पाणी शांत झाले, शांत पाण्यात वाळू बसली आणि तिथे अडकलेली वाळू पुढे पोचेनाशी झाली. शेजारी सिकेरीच्या बाजूची पुळण खचू लागली.

असे होणार हे कुठल्याही मुरलेल्या मच्छीमाराने पहिल्याच आठवड्यात सांगितले असते. पण किती वाळू अडेल, किनारा किती मीटर मागे जाईल आणि जहाज काढल्यावर तो किती वर्षांत सावरेल, हे सांगायला अनुभव अपुरा पडतो. त्या ‘किती’साठी माणसाने गेली सव्वाशेहून अधिक वर्षे आधी हौदांत, मग कागदावर आणि आता संगणकात समुद्र बांधून पाहिला. बंदरे, लाटरोधक भिंती, भराव आणि धूपप्रतिबंधक बंधारे यांच्यावरचे हजारो कोटींचे निर्णय आज या संगणकी समुद्रावर उभे असतात. अशा मॉडेलला भविष्यवेत्ता समजणे चूक आहे, तसे त्याला थोतांड ठरवणेही चूक. ते वाळूचा जमाखर्च लिहिणारे हिशेबनीस आहे आणि नोंदी खोट्या किंवा अपुऱ्या असतील तर हिशेबनीस कितीही हुशार असला तरी ताळेबंद चुकतोच.

हौदातला समुद्र

१८८५ च्या सुमारास मँचेस्टरमध्ये प्राध्यापक असलेल्या ऑसबर्न रेनल्ड्स यांनी लिव्हरपूलजवळच्या मर्सी नदीच्या मुखाची प्रतिकृती टाकीत बांधली. नकाशावर मैलाला दोन इंच हे प्रमाण, म्हणजे आडव्या दिशेने सुमारे १ : ३१,८००. उभ्या दिशेचे प्रमाण मात्र १ : ९६०. दोन्ही प्रमाणे सारखी ठेवली असती तर पाण्याची खोली कागदाच्या जाडीएवढी उरली असती. टाकीचे एक टोक वरखाली करून त्यांनी भरती-ओहोटी निर्माण केली. तळाशी सपाट पसरलेली वाळू हजारो भरत्यांनंतर खऱ्या मर्सीतल्या दांड्यांसारखी आणि जलमार्गांसारखी रचली गेली. नदीच्या मुखाशी वाळू नशिबाने साचत नाही, त्यामागे नियम आहेत, हे त्या टाकीने दाखवून दिले.

ही परंपरा महाराष्ट्राच्या अगदी घरची आहे. पुण्याजवळ खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था १९१६ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्याने सिंचनाच्या प्रश्नांसाठी सुरू केली. पुढे भारतातल्या बहुतेक मोठ्या बंदरांच्या प्रतिकृती तिथे उभ्या राहिल्या. मुंबई बंदराची प्रतिकृतीही त्यांत होती. मोठ्या शेडमध्ये सिमेंटचा किनारा, यंत्रांनी चालणारी भरती-ओहोटी आणि कडेला उभे राहून प्रवाह मोजणारे संशोधक, असे तिथले काम. त्यातले बरेचसे आता संगणकात गेले आहे, पण लाटा भिंतीवर कशा आदळतात किंवा दगडांचा थर किती टिकतो हे पाहण्यासाठी हौद अजूनही वापरले जातात.

हौदाची मर्यादा नेमकी गाळातच उघडी पडली. पाणी लहान करता येते, वाळू करता येत नाही. ०.२ मिलिमीटरचा वाळूचा कण शंभरपट लहान केला तर तो दोन मायक्रॉनचा होतो. तो मग वाळू राहत नाही, चिकणमाती होतो. वाळूचा कण पाण्यात सेकंदाला सुमारे दोन सेंटिमीटर वेगाने खाली जातो. दोन मायक्रॉनचा सुटा कण शांत पाण्यात दहा मीटर खाली बसायला महिनाभर घेईल. त्यामुळे संशोधकांनी वाळूच्या जागी कोळशाची भुकटी आणि लाकडाचा भुसा असे हलके पदार्थ वापरले. उत्तरे उपयोगी मिळाली, पण ‘किती’ हा प्रश्न अर्धवटच राहिला.

चार सूत्रांची कहाणी

संगणकी मॉडेलच्या पोटात शिरले तर तिथे थोडीच मूळ सूत्रे सापडतात आणि प्रत्येकामागे एखाद-दोन माणसे दिसतात.

पहिले सूत्र हिशेबाचे. फेलिक्स एक्सनर हे व्हिएन्नाचे हवामानशास्त्रज्ञ. १९२० च्या दशकात त्यांनी नदीच्या तळासाठी एक साधे समीकरण मांडले : एखाद्या चौकोनात जेवढी वाळू आली त्यापेक्षा जास्त गेली तर तळ खाली जाईल, कमी गेली तर वर येईल. जमा वजा खर्च म्हणजे शिल्लक. आजची सर्वांत महागडी मॉडेल्सही दर पावलाला हीच वजाबाकी करतात.

दुसरे सूत्र उंबरठ्याचे. कण हलायला प्रवाहाचा जोर किती लागतो? या प्रश्नावर अल्बर्ट शिल्ड्स या तरुण अमेरिकन अभियंत्याने बर्लिनच्या प्रयोगशाळेत काम केले आणि १९३६ मध्ये जर्मन भाषेत प्रबंध लिहिला. प्रवाहाचा तळावरचा घासाव आणि कणाचे पाण्यातले वजन यांच्या गुणोत्तरातून त्याने ती सीमा दाखवली. मग तो अमेरिकेत परतला आणि त्याची पुढची कारकीर्द पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या यंत्रांच्या रचनेत गेली. इकडे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ‘शिल्ड्स आलेख’ छापला जात होता.

तिसरे सूत्र योगायोगाचे. हान्स अल्बर्ट आइन्स्टाइन हे सापेक्षतावाद मांडणाऱ्या आइन्स्टाइन यांचे थोरले चिरंजीव. झुरिकमध्ये शिकले, १९३८ मध्ये अमेरिकेत गेले आणि पुढे बर्कलेला प्राध्यापक झाले. एखादा कण नेमका कधी उचलला जाईल हे सांगायच्या भानगडीत न पडता त्यांनी संभाव्यता मोजली : खवळत्या पाण्यात तो उचलला जाण्याची शक्यता किती आणि एका उडीत तो किती पुढे जाईल? १९५० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे सूत्र पुढच्या अनेक सूत्रांचे मूळ ठरले.

चौथे सूत्र चिखलाचे आणि मुंबईकरांच्या सर्वाधिक जवळचे. चिखलाचे कण एकमेकांना चिकटतात. खाऱ्या पाण्यात त्यांचे पुंजके होतात आणि एकट्या कणापेक्षा ते शेकडो पटींनी लवकर खाली बसतात. तळाशी बसल्यावर ते दिवसेंदिवस घट्ट होत जातात, त्यामुळे कालचा चिखल आणि गेल्या वर्षीचा चिखल यांना उचलायला वेगवेगळा जोर लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातला चिखल घेऊन रे क्रोन आणि इमॅन्युएल पार्थेनियाडीस यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी बर्कलेत प्रयोग केले. एकाने बसण्याचा हिशेब दिला, दुसऱ्याने उकरण्याचा. आज खाडीतल्या गाळाचे मॉडेल कुठल्याही देशात बांधले तरी बहुतेक वेळा या दोघांचीच समीकरणे त्यात असतात. फक्त त्यातले आकडे प्रत्येक खाडीचे स्वतःचे असावे लागतात.

पडद्यामागे काय चालते

संगणक आधी समुद्राचे तुकडे करतो. किनाऱ्याजवळ दहा-वीस मीटरचे, दूर खोल पाण्यात शेकडो मीटरचे. प्रत्येक तुकड्याला तळाची खोली दिली जाते आणि मॉडेलच्या समुद्राकडच्या कडेवर भरती-ओहोटी लावली जाते. दुसरा एक संगणक-कार्यक्रम वाऱ्यातून आणि दुरून येणाऱ्या लाटांचा हिशेब करतो. या कामासाठी डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातले ‘स्वान’ जगभर वापरले जाते. लाट उथळ पाण्यात तिरकी येऊन फुटली की ती किनाऱ्याला समांतर असा प्रवाह ढकलते. वाळूची मुख्य वाहतूक याच फेसाळ पट्ट्यात होते. लाटेने वाळू ढवळायची आणि प्रवाहाने ती वाहून न्यायची, अशी ही वाटणी.

मग गाळाचे गणित सुरू होते. प्रत्येक तुकड्यात किती उचलला, किती पाण्यात तरंगतो, किती बसला आणि शेजारच्या तुकड्यात किती गेला, हे काढून तळाची उंची बदलली जाते. तळ बदलला की प्रवाह बदलतो, प्रवाह बदलला की लाटा वेगळ्या वळतात. म्हणून सारे पुन्हा पहिल्यापासून. काळाचे पाऊल काही सेकंदांचे आणि प्रश्न वीस वर्षांचा. यावर एक युक्ती काढली गेली : तळ हळू बदलतो, म्हणून एका भरती-ओहोटीत झालेला बदल दहा-वीसने किंवा त्याहून मोठ्या आकड्याने गुणून पुढे जायचे. युक्ती उपयोगी आहे, पण एका रात्रीत किनारा बदलून टाकणाऱ्या वादळाला असे गुणता येत नाही, हे वापरणाऱ्याला माहीत असावे लागते.

नेदरलँड्सचे ‘डेल्फ्ट-थ्रीडी’, डेन्मार्कचे ‘माइक’ आणि फ्रान्सचे ‘टेलिमॅक’ हे या क्षेत्रातले परिचित कार्यक्रम. यांतल्या डेल्फ्ट-थ्रीडीचा मोठा भाग २०११ पासून आणि टेलिमॅक मुक्त परवान्याखाली मिळतो. आज कोकणातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला साध्या संगणकावर खाडीचे मॉडेल बांधता येते. कार्यक्रम हाती आहे. त्यात काय भरायचे हा प्रश्न उरतो.

पाणी वश झाले, वाळू नाही

संगणक नव्हता तेव्हा एक मोठे सागरी मॉडेल एका नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने चालवले. डच सरकारला झाउडरझे नावाचा उथळ समुद्र धरण घालून तोडायचा होता. धरणामुळे शेजारच्या किनाऱ्यांवर भरती किती वाढेल, हा प्रश्न होता. १९१८ मध्ये हेंड्रिक लोरेन्ट्झ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समुद्र अनेक जलमार्गांच्या जाळ्यात विभागून आठ वर्षे हाताने आकडेमोड झाली आणि १९२६ मध्ये अहवाल आला. १९३२ मध्ये धरण पुरे झाले आणि भरतीची प्रत्यक्ष वाढ अंदाजाशी चांगलीच जुळली. ते पाहायला लोरेन्ट्झ नव्हते, १९२८ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

पाण्याचा अंदाज बरोबर आला. धरणाबाहेरच्या वाडन समुद्रातली वाळू मात्र अजून नव्या परिस्थितीशी जुळवून घेते आहे. जुने जलमार्ग भरत आहेत, बाहेरच्या बेटांच्या मुखांजवळचे वाळूचे उंचवटे झिजत आहेत आणि कोट्यवधी घनमीटर गाळ आत ओढला गेला आहे. पाणी काही दिवसांत नव्या तोलावर आले, वाळूला नव्वद वर्षेही पुरली नाहीत.

त्याच देशात २०११ मध्ये हेगच्या दक्षिणेला, टेर हाइडे आणि काइकडाउन यांच्या दरम्यान एक धाडसी प्रयोग झाला. दर काही वर्षांनी पुळणीवर थोडी थोडी वाळू टाकण्याऐवजी एकदाच २१५ लाख घनमीटर वाळू समुद्रतळातून उपसून किनाऱ्याला आकड्यासारखे टोक काढले. ते सुमारे एक किलोमीटर समुद्रात घुसलेले आणि किनाऱ्यालगत दोन किलोमीटर रुंद होते. लाटांनीच ती वाळू पुढची वीस वर्षे दोन्ही बाजूंना वाटावी, अशी कल्पना. या ‘वाळूच्या मोटारी’चा आकार आणि जागा मॉडेलवर अनेक पर्याय चालवून ठरली.

आणि मग डच लोकांनी ती मोजली. बोटी, पाण्यात चालणाऱ्या स्कूटर, चारचाकी आणि कॅमेरे लावून, पहिल्या काळात तर जवळजवळ दर महिन्याला. पहिल्या अठरा महिन्यांत सुमारे १८ लाख घनमीटर वाळू टोकापासून निघाली आणि तिचा मोठा भाग शेजारच्या किनाऱ्यांवर सापडला. मोजणी हाती असल्यामुळे संशोधकांना मॉडेलमध्ये एकेक कारण बंद करून पाहता आले. पहिल्या वर्षातल्या झिजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाटा लाटांचा निघाला. भरती-ओहोटी, वारा आणि वादळी पाणी यांचा मिळून उरलेला. पुढच्या मूल्यमापनात दिसले की ही वाळू वीस वर्षांहून अधिक काळ पुरेल.

एका बाबतीत मात्र अंदाज फसला. वाऱ्याने वाळू उडून मागच्या टेकड्या भराभर वाढतील असे वाटले होते. त्या अपेक्षेपेक्षा सावकाश वाढल्या. उडणारी वाळू मधल्या तळ्यात आणि खाजणासारख्या उथळ पाण्यात अडकत होती, आणि पृष्ठभागावर उरलेल्या शिंपल्यांचे व जाड कणांचे कवच वाऱ्याला खालची वाळू उचलू देत नव्हते. ही चूक सापडली, कारण कुणीतरी टेकड्याही मोजत होते. नेदरलँड्समध्ये १९६५ पासून संपूर्ण वालुकामय किनाऱ्याचे उभे छेद दरवर्षी, साधारण २५० मीटर अंतराने घेतले जातात. या देशाची मॉडेल्स नावाजली जातात त्यामागे ही साठ वर्षांची कंटाळवाणी मोजणी आहे.

मद्रासपासून मुंबईपर्यंत

भारताला हा धडा मॉडेल येण्याच्या आधीच मिळाला होता. मद्रासचे बंदर १८७५ च्या सुमारास बांधायला घेतले. उघड्या किनाऱ्यावर समुद्रात दोन भिंती घालून पाणी कोंडायचे, अशी योजना होती. १८८१ च्या चक्रीवादळाने त्या भिंती फोडल्या. पुन्हा बांधल्यावर वाळू आली. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या महिन्यांत लाटा दक्षिणेकडून तिरक्या येतात आणि दरवर्षी लाखो घनमीटर वाळू उत्तरेकडे ढकलतात. ती बंदराच्या दक्षिण भिंतीला अडली, तिथली पुळण रुंदावत गेली आणि पूर्वेकडच्या प्रवेशद्वारातही गाळ शिरू लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी ते दार बंद करून ईशान्येकडे नवे काढले. आज मरीना बीचवर फिरणाऱ्यांच्या पायाखालची बरीच वाळू त्या भिंतीची देणगी आहे. उत्तरेला रोयापुरममध्ये मात्र किनारा खचत गेला आणि कोळी वस्त्यांपुढे दगडांच्या भिंती उभ्या कराव्या लागल्या. एकाच भिंतीच्या दोन बाजू : इकडे जमा, तिकडे नावे.

विशाखापट्टणमच्या अभियंत्यांनी हे पाहून आधीच तरतूद केली. १९३३ मध्ये ते बंदर सुरू झाले तेव्हा दक्षिणेकडून येणारी वाळू अडवण्यासाठी ‘जेनस’ आणि ‘वेलडसन’ ही दोन जुनी जहाजे जाणूनबुजून बुडवून लाटरोधक बनवली होती. साठलेली वाळू उपसून उत्तरेच्या पुळणीला द्यायची, हा तिथला उपाय. पुदुच्चेरीत हा विचार झाला नाही. १९८० च्या दशकाअखेर बांधलेल्या बंदरामुळे शहरासमोरची पुळणच नाहीशी झाली. २०१८ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पोलादी कृत्रिम भिंत बसवली, वाळूची भर टाकली आणि पुळण काही प्रमाणात परत आली. त्या भिंतीचा आकार आणि जागा मॉडेलने ठरवली होती.

पश्चिम किनाऱ्याचा स्वभाव वेगळा. कोकणात शेकडो मैल सरळ पुळण नाही. दोन खडपांच्या मध्ये वसलेल्या छोट्या पुळणी आणि त्यांच्यामध्ये खाड्या आहेत. वाळू पूर्व किनाऱ्यासारखी लांबच्या प्रवासाला निघत नाही. पावसाळ्यात लाटा ती पुळणीवरून खाली ओढून नेतात आणि हिवाळ्याच्या मंद लाटा ती परत आणून घालतात. म्हणून जुलैत पाहिलेला खचलेला किनारा आणि फेब्रुवारीतला भरलेला किनारा, दोन्ही खरे. यांतल्या एकाच मोसमाची मोजणी मॉडेलला खाऊ घातली तर मॉडेल ठामपणे चुकीचे बोलेल. मांडवीच्या मुखाशी आग्वादच्या उपसागरात पावसाळ्यात वाळूचा पट्टा तयार होतो. खनिजाचे बार्ज त्या महिन्यांत तो टाळून कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीकडे वळत. समुद्राच्या मोसमी वहीतली ही नोंद त्या खलाशांना तोंडपाठ होती.

चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने उपग्रह चित्रांवरून १९९० ते २०१८ या काळातला भारताच्या मुख्य भूमीचा किनारा तपासला. त्यात सुमारे ३३.६ टक्के किनारा खचताना आणि २६.९ टक्के वाढताना दिसला. महाराष्ट्रात खचणारा भाग सुमारे एक चतुर्थांश. उपग्रह किनाऱ्याची रेषा दाखवतो, पाण्याखालचा तळ मात्र बोटीनेच मोजावा लागतो.

मुंबई बंदराची गोष्ट वाळूची नाही, चिखलाची आहे. उधाणाला इथे पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी आणि उल्हास नदीचे पाणी यांतला बारीक गाळ दिवसातून दोनदा पुढेमागे होतो. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंदावतो आणि चिखल बसतो, उधाणाला पुन्हा उठतो. जहाजांसाठी खणलेला खोल मार्ग या पुढेमागे होणाऱ्या चिखलाला आयता खड्डा ठरतो, कारण तिथे पाणी खोल आणि प्रवाह संथ. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले, कंटेनर जहाजे मोठी होत गेली, मार्ग खोल होत गेला आणि दरवर्षीचा गाळ उपसाही त्याबरोबर आला.

उपसलेला चिखल टाकायचा कुठे? जवळ टाकावा तर भरतीबरोबर परत मार्गात येणार, दूर टाकावा तर ड्रेजरच्या फेऱ्या महाग. हा प्रश्न १९५० च्या दशकाअखेर तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी हाती घेतला. त्या केंद्राला पुढे भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव मिळाले. स्कँडियम-४६ हे किरणोत्सारी द्रव्य असलेले, गाळासारखे वागणारे कण तळाशी सोडून ते कुठे जातात याचा माग यंत्रांनी घेतला गेला. भारतात गाळाचा माग काढण्यासाठी समस्थानिके वापरायला तिथून सुरुवात झाली. पुढे अनेक बंदरांत अशा चाचण्या झाल्या. समुद्राकडून प्रत्यक्ष मिळालेली अशी उत्तरे नंतरच्या मॉडेल्सना तपासून पाहायला उपयोगी पडली.

चूक कुठून येते

मॉडेलवर सर्वांत कडक टीका करणारा आवाज अमेरिकेतले भूशास्त्रज्ञ ऑरिन पिल्की यांचा होता. २००७ मध्ये आपल्या कन्येसह लिहिलेल्या पुस्तकाला त्यांनी ‘निरुपयोगी अंकगणित’ अशा अर्थाचे नाव दिले. पुळणी किती वर्षे टिकतील याचे नेमके आकडे मॉडेलवरून देणे म्हणजे खोटी अचूकता विकणे, असा त्यांचा आक्षेप होता. मॉडेल बनवणाऱ्यांना तो झोंबला, पण त्यातले तथ्य नाकारता येत नाही.

कारण गणितातच आहे. वाळूची वाहतूक प्रवाहाच्या वेगाच्या तिसऱ्या ते पाचव्या घातात वाढते. वेग दहा टक्क्यांनी चुकला तर वाहतूक ३३ ते ६१ टक्क्यांनी चुकते. किनाऱ्यालगतच्या वाहतुकीच्या एका प्रचलित सूत्रात लाटेच्या उंचीचा घात अडीच आहे. तिथे उंचीत वीस टक्क्यांची चूक उत्तरात सुमारे अठ्ठावन्न टक्के होते. लाटांचा, प्रवाहाचा आणि कणांच्या आकाराचा असा प्रत्येक घटक थोडा थोडा चुकला तर अंतिम आकडा कुठल्या कुठे जातो. म्हणून या क्षेत्रात मोजलेल्या आकड्याच्या निम्मा ते दुप्पट यांच्या दरम्यान उत्तर आले तर ते चांगले मानतात. अशा शास्त्राच्या अहवालात ‘वार्षिक गाळ १२.३७ लाख घनमीटर’ असे छापलेले दिसले, तर दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे सजावटीचे आहेत असे खुशाल समजावे.

दुसरी चूक अधिक कपटी. मॉडेल कालच्या समुद्रावर जुळवलेले असते आणि समुद्र बदलून जातो. सॅन फ्रान्सिस्कोचेच उदाहरण घ्या. १८५३ ते १८८४ या काळात सिएरा नेवाडात सोन्यासाठी पाण्याच्या झोताने डोंगर फोडले गेले. त्यातून उपसागरात किती गाळ आला, त्याचा हिशेब ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १९१७ मध्ये मांडला. तो सुमारे एक अब्ज घनयार्डांच्या घरात होता. त्या जुन्या गाळाचे साठे शतकभर पाण्याला गढूळ ठेवत राहिले. १९९९ मध्ये तरंगत्या गाळाचे प्रमाण एकाएकी सुमारे ३६ टक्क्यांनी घसरलेले दिसले. साठा सरत आला होता, नद्यांवरच्या धरणांनी नवा गाळ अडवला होता. त्याआधीच्या नोंदींवर बेतलेला प्रत्येक अंदाज त्या वर्षी शिळा झाला. तो बदल लक्षात आला, कारण अमेरिकेच्या भूशास्त्र विभागाची मोजणी केंद्रे वर्षानुवर्षे न थांबता चालू होती.

म्हणून मॉडेलचा खरा उपयोग तुलनेत आहे. भिंत इथे घातली तर काय आणि दोनशे मीटर दक्षिणेला घातली तर काय? दोन्ही उत्तरांत सारखीच चूक असेल, तरी त्यांतला फरक विश्वासार्ह असू शकतो. कुठला पर्याय कमी वाईट हे मॉडेल बऱ्यापैकी सांगते. २०५० साली अमुक गावासमोर नेमकी किती पुळण उरेल, हे ते सांगू लागले तर सावध व्हावे.

नागरिकांनी काय विचारावे

हा विषय आता तज्ज्ञांच्या खोलीत मावणारा राहिलेला नाही. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. त्यात समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि १० किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत आहे. स्थानिक मच्छीमारांचा त्याला वर्षानुवर्षांचा विरोध आहे. प्रकल्प हवा की नको यावर मतभेद राहतील आणि लोकशाहीत ते राहावेत. पण इतकी लांब भिंत लाटांच्या वाटेत उभी राहिल्यावर वाळू आणि चिखल कुठे जातील, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंना सारखेच हवे आहे, आणि ते मॉडेल व मोजणी यांच्या जोडीनेच मिळेल.

पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, त्यांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. तो वाचताना रंगीत नकाशांपुढे बिचकण्याचे कारण नाही. काही साधे प्रश्न पुरतात. तळाची खोली कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात मोजली? लाटा आणि गाळ पावसाळ्यात मोजले की फक्त सोयीच्या हिवाळ्यात? मॉडेलचे आकडे ज्या मोजणीवर जुळवले, त्याहून वेगळ्या मोजणीवर तपासले का? उत्तर किती टक्के इकडेतिकडे होऊ शकते? आणि बांधकाम झाल्यावर पुढची दहा वर्षे किनारा कोण मोजणार, त्याचे पैसे कुठून येणार, ते आकडे सर्वांना दिसणार का?

शासनाकडेही एक मागणी आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर महाविद्यालये आहेत, मच्छीमार सहकारी संस्था आहेत, मेरीटाइम बोर्ड आहे. खडकवासला आणि दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या मातब्बर संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत निवडक पुळणींचे आणि खाड्यांच्या मुखांचे छेद वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ठरलेल्या खुणांवरून घ्यावेत आणि ते आकडे कुणालाही उतरवून घेता येतील असे खुले ठेवावेत. एका धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या खर्चापुढे या मोजणीचा खर्च किरकोळ ठरेल. ती येत्या पावसाळ्याआधी सुरू करावी, आणि जनसुनावणीला जाणाऱ्या प्रत्येक नागरिकाने वरच्या प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत.